आधी खांब बघ

मार्चमधला रविवार होता. लेकीला लर्नर परमिट मिळून महिना झाला होता आणि मी शेजारच्या सीटवर बसून तासांची वही सांभाळत होते. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात पंधराव्या वर्षी परमिट मिळतं, पण सोळाव्या वर्षी लायसन्स हवं असेल तर घरच्या मोठ्या माणसाला शेजारी बसवून ५० तास गाडी चालवावी लागते, त्यातले १० रात्रीचे. आमचा चौदावा तास चालू होता. मागच्या सीटवर माझे बाबा होते, साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलेले.

रस्ता ताशी ४५ मैलांचा. सिग्नल हिरवा. आम्ही त्याच्यापासून दीडशे फुटांवर असू, तेवढ्यात पिवळा झाला. इतक्या जवळ आलेल्या गाडीने सरळ निघून जायचं असतं. लेकीने करकचून ब्रेक दाबला. बाबांचं डोकं माझ्या सीटवर आपटलं, गाडी झेब्रावर जाऊन थांबली, आणि मागचा पिकअप ट्रक कर्कश्श हॉर्न वाजवत शेजारच्या लेनमध्ये शिरला. ती लेन रिकामी होती म्हणून आम्ही वाचलो. मी हे तीन महिन्यांनी लिहितेय, तरी लिहिताना तळहाताला घाम आलाय.

पुढच्या पार्किंगमध्ये गाडी थांबवली. विचारलं, "अगं, का दाबलास ब्रेक?"

"आई, वर कॅमेरा होता. दंडाचं तिकीट आलं असतं."

"तो तसला कॅमेरा नव्हता."

"कशावरून?"

मला उत्तर देता आलं नाही. एकवीस वर्षं मी शिकागोच्या पश्चिमेच्या सबर्बमध्ये गाडी चालवतेय. दंडाचा कॅमेरा कुठला आणि साधा कुठला हे मला अंदाजाने कळायचं, पण कशावरून कळतं ते शब्दांत मांडता येत नव्हतं. आणि लेकीची चूकही म्हणता येईना. लहानपणापासून तिने गाडीत हेच ऐकलंय: "हळू, कॅमेरा आहे." बोलणारी मीच.

बाबा रात्री जेवताना म्हणाले, "उद्या चालत जाऊन बघू. गाडीतून खांब कळत नसतो."

बाबांनी वीज मंडळात लाइनमन म्हणून सुरुवात केली आणि पुढची सगळी नोकरी खांबांवर किंवा खांबांखाली काढली. कुठल्याही गावात गेले की त्यांची मान आपोआप वर जाते. खांबावरची कुठली वस्तू कुणाची, कुठली तार कुठून आली नि कुठे गेली, हे ते पाटीवरची अक्षरं वाचावीत तसं वाचतात. सिग्नलचं तंत्र त्यांना माहीत नव्हतं, पण त्यांनी शिकवलेली पद्धत इथेही तंतोतंत लागू पडली. वस्तूकडे नंतर बघ. ती कुठल्या खांबावर आहे ते आधी बघ, मग तिचं तोंड कुठे आहे ते बघ.

दुसऱ्या दिवशी तिघं जण त्याच चौकात गेलो. दोन अंश तापमान, बाबांच्या डोक्याला माकडटोपी. चारी कोपऱ्यांवर जाड खांब, आणि प्रत्येकातून रस्त्यावर आडवा आलेला लांब हात. त्या हातावर दिवे टांगलेले. दिव्यांच्या वर, हातावरच उभ्या केलेल्या छोट्या दांडीच्या टोकाला पांढरी नळी होती. साधारण हातभर लांब, पुढे उन्हासाठी टोपीसारखी झडप.

"ही किती आहेत?" बाबांनी विचारलं.

लेकीने मोजली. चार.

"आणि रस्ते?"

चार. चारी दिशांना एकेक. प्रत्येक नळीचं तोंड समोरून येणाऱ्या गाड्यांकडे, किंचित खाली वाकलेलं, थांबायच्या पांढऱ्या पट्टीवर रोखलेलं. म्हणजे ती गाडीचं नाक बघते. "मग नंबर कुठला दिसणार तिला?" लेक म्हणाली, आणि लगेच स्वतःच थबकली, कारण इलिनॉयमध्ये पुढेही नंबरप्लेट असते. पण दंडाचा फोटो इथे मागच्या प्लेटचा काढतात. त्याकडे येतेच.

बाबांचं लक्ष तोवर रस्त्यावर गेलं होतं. एका बाजूच्या डांबरात चौकोनी रेघा कापून काळ्या डांबरी लेपाने बुजवलेल्या होत्या. "हे काय गाडलंय?" मी फोनवर शोधून सांगितलं की ते तारेचं वेटोळं आहे. बाबांना पुढचं सांगावं लागलं नाही. वेटोळ्यातून प्रवाह सोडायचा, वर लोखंडाचा एवढा मोठा गोळा येऊन उभा राहिला की वेटोळ्याचं इंडक्टन्स बदलतं, आणि कोपऱ्यावरच्या पेटीला समजतं की गाडी आली. अर्धी गोष्ट ते इंग्रजी शब्दांत आणि अर्धी हातवाऱ्यांत लेकीला समजावत होते. मग वर नळीकडे बोट करून म्हणाले, "हिचं काम तेच असणार. खोदायचं नाही म्हणून वर बसवली."

त्यांचं अगदी बरोबर होतं. इथली थंडी डांबर फोडते, फुटलेल्या डांबराबरोबर आतली तार तुटते, आणि दुरुस्तीला लेन बंद करून रस्ता पुन्हा कापावा लागतो. म्हणून गेल्या तीस-पस्तीस वर्षांत कित्येक चौकांत तारेऐवजी कॅमेरा आला. गाड्या ओळखणाऱ्या अशा यंत्रणेचं सुरुवातीचं मोठं काम मिनेसोटा राज्याच्या विद्यापीठात १९८० च्या दशकात झालं. ऑटोस्कोप हे नाव तिथलं.

पुढच्या शनिवारी आम्हाला आणखी एक नशीब लाभलं. शेजारच्या एका चौकात बकेट ट्रक उभा होता आणि एक तंत्रज्ञ वर चढून त्या नळीची काच पुसत होता. हिवाळाभर रस्त्यावर टाकलेल्या मिठाचा थर बसला होता. बाबा खाली उभे राहून बघत राहिले, आपल्या खात्याचा माणूस भेटल्यासारखे. तो खाली उतरल्यावर मी भीत भीत विचारलं. त्याने पाच मिनिटं दिली आणि फार नीट समजावलं. पेटीतल्या पडद्यावर रस्त्याचं चित्र दिसतं, त्यावर प्रत्येक लेनमध्ये चौकोन आखायचा. चौकोनात गाडी आली की यंत्रणा कंट्रोलरला एवढंच कळवते की इथे कुणीतरी आहे. ती कुणाची, नंबर काय, वेग किती, याच्याशी हिरवा दिवा लावणाऱ्याला कर्तव्य नाही. काच बर्फाने झाकली गेली तर? तर यंत्रणा गाडी आहेच असं धरून चालते आणि सगळ्या दिशांना पाळीपाळीने हिरवा देते. बर्फाच्या रात्री रिकाम्या चौकात उगाच लाल का लागतो, हे मला एकवीस वर्षांनी कळलं.

लेकीने विचारलं, "म्हणजे हा कॅमेरा मला पकडायला नाहीये?"

तो म्हणाला, तू आल्याचं कुणाला तरी कळावं म्हणून आहे.

हे वाक्य मला फार आवडलं. ज्या वस्तूला घाबरून आमचा जीव जायची वेळ आली होती, ती वस्तू तिथे आम्हाला हिरवा मिळावा म्हणून बसवली होती.

आता दुसरा, दंडाचा कॅमेरा. आमच्या घरापासून साडेतीन मैलांवरच्या एका गावात तो आहे. तिथेही चालत फिरलो. बाबा चौकापर्यंत पोचलेही नव्हते, अलीकडेच थांबले. रस्त्याच्या कडेला, सिग्नलच्या बरंच अलीकडे, एक स्वतंत्र खांब होता. उंची बेताचीच, शिडी लावून पोचता येईल इतकी. त्यावर लेटरबॉक्सहून मोठी पेटी, पेटीला काच, आणि जवळच चौकोनी फ्लॅश. खाली त्याची स्वतःची वेगळी कॅबिनेट.

"हा सिग्नलचा खांब नव्हेच," बाबा म्हणाले. "ह्याचा संसार निराळा आहे."

पेटीचं तोंड चौकाकडे होतं. म्हणजे आपण तिच्या शेजारून पुढे गेलो की ती आपल्या पाठीकडे बघते. तिच्या चित्रात एकाच वेळी तीन गोष्टी यायला हव्यात: आपली मागची नंबरप्लेट, थांबायची पट्टी आणि समोरचा लाल दिवा. म्हणून तिला मागेच उभं राहावं लागतं. सिग्नलच्या हातावरच्या नळीला लाल दिवा दिसूच शकत नाही, तो तिच्या पाठीशी किंवा पायाखाली असतो. हे एकदा कळलं की दोन्हींत घोटाळा होणं अवघड आहे. एक आपल्याला सामोरा बघतो, दुसरा आपल्या पाठीवर असतो. ज्याला स्वतःला लाल दिवा दिसत नाही, तो लाल दिव्याचा साक्षीदार होऊ शकत नाही.

शिवाय पाटी. इलिनॉयच्या कायद्याप्रमाणे असा कॅमेरा असलेल्या चौकात तसं सांगणारी पाटी लावावीच लागते. फोटो एन्फोर्स्ड असं लिहिलेली, नाहीतर सिग्नलचं आणि कॅमेऱ्याचं चित्र असलेली. आणि राज्यातल्या १०२ काउंट्यांपैकी फक्त आठांत हे कॅमेरे लावायला परवानगी आहे. शिकागोची कुक काउंटी, आसपासच्या ड्युपेज, केन, लेक, मॅकहेन्री आणि विल, आणि सेंट लुइसच्या बाजूच्या दोन. तुम्ही ब्लूमिंग्टन किंवा शँपेनला राहत असाल तर तिथे प्रत्येक चौकात नळ्या दिसतील, पण लाल दिव्याचं तिकीट पाठवणारा कॅमेरा नाही.

हा कॅमेरा काय करतो ते लेकीला मी सविस्तर सांगितलं, कारण खरी भीती तिथे होती. दिवा हिरवा किंवा पिवळा असेपर्यंत तो गप्प असतो. लाल झाला की जागा होतो. त्यानंतर एखादी गाडी पट्टी ओलांडून गेली तर एक फोटो पट्टीच्या अलीकडचा, एक चौकातला, आणि बरोबर काही सेकंदांचा व्हिडिओ. पिवळ्यात पट्टी ओलांडली आणि चौकाच्या मधोमध असताना लाल झाला, तर ते उल्लंघन नाही. इलिनॉयमध्ये पिवळ्यात चौकात शिरणं कायदेशीर आहे. म्हणजे त्या रविवारी तिथे खरोखरच दंडाचा कॅमेरा असता आणि ती निघून गेली असती, तरीही तिकीट आलं नसतं. हे ऐकून ती बराच वेळ काही बोलली नाही.

मला स्वतःला एक तिकीट आलेलं आहे, सात-आठ वर्षांपूर्वी. शंभर डॉलर. गावाचं नाव सांगत नाही. लाल असताना उजवीकडे वळले होते. इथे लाल असला तरी पूर्ण थांबून, बघून, उजवीकडे वळता येतं. मी थांबले होते याबद्दल माझी पक्की खात्री होती, इतकी की मी भांडायला निघाले होते. पत्रावर दिलेल्या पत्त्यावर जाऊन व्हिडिओ बघितला. गाडी हळू झाली, मी डावीकडे बघितलं असणार, आणि चाकं एकदाही न थांबता वळली. पुन्हा बघितला. चाकं थांबलीच नव्हती. मी पैसे भरले. त्या दिवसापासून उजवीकडे वळताना मी मनात "एक, दोन" म्हणते, आणि लेकीलाही तेच शिकवलंय. या भागात दंडाची खूप तिकिटं अशीच वळणाची असतात. शॉमबर्गमध्ये वुडफील्ड मॉलजवळ २००८ च्या अखेरीला असा कॅमेरा लावला होता. त्याने प्रामुख्याने उजवीकडे वळणारेच पकडले, लोक इतके चिडले की गावाने पुढच्याच वर्षी तो काढून टाकला.

तिकीट गाडीच्या मालकाच्या नावाने येतं, चालवणाऱ्याच्या नव्हे. ते पार्किंगच्या तिकिटासारखं धरतात, लायसन्सच्या रेकॉर्डवर चढत नाही. चित्र आधी माणूस तपासतो, मग पत्र निघतं, आणि घटनेपासून ९० दिवसांच्या आत ते पाठवावं लागतं. रात्री मागे फ्लॅश चमकला म्हणजे तिकीट आलंच असंही नाही. आमच्या मंडळातल्या एका मैत्रिणीने फ्लॅश बघून तीन आठवडे पोस्टाची पेटी उघडायचा धसका घेतला होता. काहीच आलं नाही.

बाबांना आता छंदच लागला. संध्याकाळी फिरायला निघाले की खांब वाचून यायचे आणि मला विचारायचे. सिग्नलच्या हातावर मुठीएवढं काळं काहीतरी, शेजारी बल्ब? ते कॅमेरा नाहीच. फायर ट्रकच्या विशिष्ट गतीने लुकलुकणाऱ्या दिव्याला ते ओळखतं आणि त्याच्यासाठी हिरवा मागतं. एकदा आमच्या समोरच अॅम्ब्युलन्स आली, तो पांढरा बल्ब लागला, आणि लेक म्हणाली, "आई, फ्लॅश!" नाही बाळा, तो त्या गाडीला सांगतोय की तुझा निरोप पोचला. उंच खांबाच्या टोकाला उलट्या वाटीसारखा घुमट? तो वाहतूक बघणारा. नियंत्रण कक्षातला माणूस तो फिरवतो, अपघात झाला का, कोंडी कुठवर गेली ते पाहतो. आमच्या हायवेवरची अशी चित्रं ट्रॅव्हल मिडवेस्टच्या साइटवर कुणालाही दिसतात. मी हिवाळ्यात घरातून निघण्याआधी बघतेच. सौरपाटीखाली छोटा काळा कॅमेरा, सिग्नलपासून लांब, एखाद्या वस्तीच्या तोंडाशी? तो नंबरप्लेट वाचतो, चोरीच्या गाड्या वगैरे शोधायला पोलिसांसाठी. त्याच्याबद्दल खासगीपणाचे प्रश्न आहेत आणि मला ते गंभीर वाटतात, पण लाल दिव्याशी त्याचा संबंध नाही. शिकागो शहरात निळा दिवा लुकलुकणारी पेटी दिसते तीही पोलिसांची, गुन्ह्यांसाठी. टोलवेवरच्या कमानीवरचे कॅमेरे आय-पास, म्हणजे टोलचा टॅग, नसलेल्यांची प्लेट वाचायला.

शिकागो शहरात वेगाचे कॅमेरे मात्र खरेच दंड करतात, शाळा आणि बागांजवळ, २०१३ पासून. मार्च २०२१ पासून मर्यादेहून सहा मैल जास्त गेलं तरी ३५ डॉलर. त्यांच्याही पाट्या असतात.

लोक इतके का धसकलेत याला कारण आहे, आणि ते नवीन आलेल्या माणसाला माहीत असायला हवं. शिकागोने २००३ मध्ये लाल दिव्याचे कॅमेरे सुरू केले आणि वाढवत वाढवत देशातलं सगळ्यांत मोठ्या जाळ्यांपैकी एक उभं केलं. पुढे बाहेर आलं की कंत्राट मिळवणाऱ्या रेडफ्लेक्स कंपनीकडून महापालिकेचा हे काम बघणारा अधिकारी लाच घेत होता. २०१६ मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. मधल्या काळात पिवळ्याचं प्रकरण झालं. शहराचा नियम असा की ३० मैलांच्या रस्त्यावर पिवळा ३ सेकंद. कॅमेरे दुसऱ्या कंपनीकडे गेल्यावर २.९ सेकंदांचा पिवळा असतानाही तिकिटं मान्य व्हायला लागली. शहराच्याच महानिरीक्षकांनी २०१४ मध्ये दाखवून दिलं की अशी सुमारे ७७ हजार तिकिटं निघाली होती. सेकंदाचा दहावा भाग. ज्यांनी शंभर शंभर डॉलर भरले त्यांचा विश्वास कसा राहणार? मला या कॅमेऱ्यांचा राग नाही, पण दिव्याची वेळ आणि दंडाचं उत्पन्न यांच्यामध्ये पक्की भिंत हवी, आणि ती इथे नव्हती. २०१७ पासून लाल झाल्यावर ०.१ ऐवजी ०.३ सेकंदांची मुभा देतात, हा त्याच गदारोळाचा परिणाम.

आणि त्याच सुमाराला शिकागो ट्रिब्यूनने टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या वाहतूक संस्थेकडून अभ्यास करून घेतला. चौकात आडव्या धडका बसून माणसं जखमी होण्याचं प्रमाण या कॅमेऱ्यांमुळे १५ टक्क्यांनी घटलं होतं. पण मागून आदळून जखमी होण्याचं २२ टक्क्यांनी वाढलं होतं.

हे वाचलं तेव्हा मला तो पिकअप ट्रक दिसला. तो आकडा म्हणजे आमच्यासारख्याच कुणाच्या तरी मुली होत्या, ज्यांनी वर बघितलं आणि ब्रेक दाबला. आडवी धडक जास्त जीवघेणी असते हे खरं. लाल तोडणाऱ्यांमुळे २०२२ साली या देशात अकराशेहून अधिक माणसं मेली, आणि त्यांतली बरीच स्वतः लाल तोडणारी नव्हती. म्हणून कॅमेरे सगळीकडून काढा असं मी म्हणणार नाही. पण कॅमेरा नसलेल्या चौकात कॅमेऱ्याच्या भीतीने मागून धडक खाणं, याने कुणाचाच जीव वाचत नाही. आमच्या गावात दंडाचा एकही कॅमेरा नाही. एकही. आणि माझ्या लेकीने पहिला महिना प्रत्येक सिग्नलला श्वास रोखून काढला.

मग मी तिला कागदावर हिशेब करून दाखवला. ४५ मैल म्हणजे सेकंदाला ६६ फूट. पिवळा किती वेळ ठेवायचा हे ठरवताना इंजिनिअर एक सेकंद विचाराचा धरतात आणि मग बेताचा, पोटातलं पाणी न हलवणारा ब्रेक. त्यातून ४.३ सेकंद येतात. अंतरात मोजलं तर सुमारे २८० फूट. त्याच्या पलीकडे असताना पिवळा झाला तर आरामात थांबता येतं, खूप अलीकडे आलो असू तर जायचं. आमच्या त्या रस्त्यावर सिग्नलच्या अलीकडे २८० फुटांवर एक पिवळा हायड्रंट आहे. बाबांनी पावलं मोजून काढला. हायड्रंट मागे पडला की निर्णय झाला. वर बघायचं कामच उरलं नाही.

पुढच्या खेपेला तसाच प्रसंग आला. हायड्रंट मागे, दिवा पिवळा. तिने आरशात एकदा बघितलं, पाय ॲक्सिलरेटरवर तसाच ठेवला, आणि आम्ही पार झालो. मागे बाबा म्हणाले, "शाब्बास."

इतर राज्यांतल्या वाचकांसाठी थोडं. मागून फोटो ही गोष्ट इलिनॉयची. कॅलिफोर्नियात २०२५ पर्यंतच्या कायद्याने तिकीट चालवणाऱ्याला जायचं, त्यामुळे तिथे चेहरा टिपायला समोरूनही कॅमेरे लावलेले आहेत. फ्रीमाँट-सनीवेलची मंडळी माझा "सामोरा आणि पाठीचा" नियम तसाच्या तसा वापरू नका, वेगळा खांब, पेटी आणि फ्लॅश बघा. न्यू जर्सीत २००९ मध्ये प्रयोग म्हणून सुरू केलेले कॅमेरे डिसेंबर २०१४ मध्ये बंद झाले. एडिसनला रूट वनवर ज्यांना तिकिटं आली होती त्यांना ते आठवत असेल. टेक्सासने २०१९ मध्ये कायद्याने बंदी घातली. डॅलसच्या आत्येबहिणीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अगं, मग मी अजून कुणाला घाबरतेय?" तिच्या घराजवळच्या सिग्नलवर चार पांढऱ्या नळ्या आहेत. तिने फोटो पाठवला.

बाबा मेअखेरीस परत गेले. लेकीचे ४१ तास झाले आहेत, रात्रीचे सहा. गेल्या आठवड्यात बाबा पुण्याला माझ्या भावाकडे गेले होते, तिथून त्यांनी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. चौक ओळखू येत नाही, पण खांब अगदी मधोमध धरलाय. खांबावर तीन कॅमेरे, तीन दिशांना, शिवाय भोंगा. खाली लिहिलं होतं, "ह्यातला दंडाचा कुठला?"

मी बराच वेळ बघत बसले. तिथे आपली विभागणी चालत नाही. वाहतूक बघायला लावलेल्या सीसीटीव्हीवरूनच नियंत्रण कक्षात बसलेले पोलीस झेब्रावरची गाडी, हेल्मेट नसलेलं डोकं टिपतात आणि ई-चलन मोबाइलवर येतं. केंद्राच्या २०२१ च्या नियमात सीसीटीव्ही, वेगाचा कॅमेरा, नंबरप्लेट वाचणारा, पोलिसांच्या अंगावरचा, सगळेच दंडाची साधनं म्हणून एका यादीत आहेत. यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र हवं, लोकांना आधी कळेल अशी पाटी हवी, आणि नोटीस १५ दिवसांत हवी, असंही त्यात आहे.

मी लिहिलं, "बाबा, तिथे बघणारा आणि दंड करणारा एकच असू शकतो. खांबावरून कळणार नाही. पाटी आहे का जवळपास?"

दहा मिनिटांनी उत्तर आलं, "बघून सांगतो. रस्ता ओलांडावा लागेल." आणि लगेच दुसरं, "हिरवा लागल्यावर."